संगणकाला पेनड्राइव्ह दिसेना, तेव्हा…

मुलीच्या लग्नाची छायाचित्रे, दुकानाचे जुने हिशेब, आजोबांच्या आवाजातील ध्वनिमुद्रण असे कितीतरी धन आज बोटाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये नाहीतर खिशात मावणाऱ्या हार्डडिस्कमध्ये साठवलेले असते. एके दिवशी ती संगणकाला जोडावी आणि पडद्यावर काहीच उमटू नये, की घरात धावपळ उडते. दोष लगेच पेनड्राइव्हच्या माथी येतो. पुष्कळदा तो बिचारा निर्दोष असतो. बिघाड पोर्टचा, केबलचा किंवा अपुऱ्या विजेचा असतो.

म्हणून प्रथम तेच उपकरण दुसऱ्या पोर्टमध्ये आणि मग दुसऱ्या संगणकावर लावून पाहावे. तेथे चालले, तर आतील ठेवा सुखरूप आहे. टेबलावरील संगणकाच्या पुढील बाजूचे पोर्ट आतून एका वायरीने मदरबोर्डला जोडलेले असतात. मागचे थेट मदरबोर्डवरच असतात. हार्डडिस्क मागेच लावणे बरे. यूएसबी २.० पोर्ट साधारण ५०० मिलिअँपिअर वीज देतो, ३.० पोर्ट ९००. स्वतंत्र वीजपुरवठा नसलेल्या हबमध्ये एवढीच वीज चार उपकरणांत वाटली जाते, आणि हार्डडिस्क मधेच बंद पडते. मोबाइलच्या काही केबली तर केवळ चार्जिंगपुरत्या असतात. त्यांतून माहिती जातच नाही.

मंद गतीचे कारण निराळे. २००० साली आलेल्या यूएसबी २.०चा कमाल वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, तर २००८ च्या ३.०चा ५ गिगाबिट. ३.० पोर्टच्या आतील पट्टी बहुधा निळी असते, परंतु सर्वच कंपन्या हा संकेत पाळत नाहीत. गंमत अशी, की निळ्या पोर्टमध्येही प्लग फार सावकाश घातला, तर अधिकचे पाच स्पर्शबिंदू जुळण्याआधीच संगणक त्याला २.० समजून बसतो. उपकरण रीतसर बाहेर काढून एका दमात पुन्हा लावले, की वेग परत येतो. स्वस्त पेनड्राइव्ह मात्र मुळातच संथ असतो. त्याचा राग पोर्टवर काढू नये.

सगळेच पोर्ट निपचित झाले असतील, तर संगणक बंद करून वायर काढावी, पॉवरचे बटण पंधरा सेकंद दाबून धरावे आणि मग पुन्हा सुरू करावा. विंडोजमधील डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘यूएसबी रूट हब’च्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी दिलेली असते, ती खूण काढून पाहावी. तेथील कंट्रोलर ‘अनइन्स्टॉल’ करण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. तो चुकीचा नाही, कारण संगणक पुन्हा सुरू होताना ते आपोआप बसवले जातात. पण तोवर यूएसबीचा माऊस आणि कीबोर्डही बंद पडू शकतात, हे आधी कोणी सांगत नाही.

खरा धोका पुढेच आहे. उपकरण दिसते, पण संगणक ‘फॉरमॅट’ करण्याची अनुज्ञा मागतो. येथे पोर्ट बहुधा ठीक असतो. उपकरणातील माहितीची मांडणी बिघडलेली असते. घाईने होकार दिला, तर ती छायाचित्रे परत मिळवणे कठीण होते. नकार देऊन दुसऱ्या संगणकावर पाहावे. हार्डडिस्कमधून टकटक ऐकू येत असेल, तर तेही करू नये. ती तत्काळ काढून जाणकाराकडे न्यावी.