चार चिन्हांची आज्ञा: व्हिडिओ मॅट्रिक्समधील कार्डांचे सिरीयल नियंत्रण

गरज

नागपुरात रेशीमबाग येथील कविवर्य सुरेश भट सभागृह २०१७ मध्ये खुले झाले. त्याची आसनक्षमता सुमारे दोन हजार आहे. एवढ्या मोठ्या सभागृहात कार्यक्रम असला की दोन-तीन कॅमेरे, वक्त्याचा लॅपटॉप आणि ध्वनिचित्रफितीचा संगणक यांची चित्रे मंचावरचा पडदा, बाहेरच्या दालनातील टीव्ही आणि चित्रमुद्रण यंत्र अशा अनेक ठिकाणी एकाच वेळी पोहोचवावी लागतात. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असो वा न्यायालयातील दूरदृश्य सुनावणी, गरज हीच असते. कोणते चित्र कोठे जावे हे ठरवणारे यंत्र म्हणजे मॅट्रिक्स स्विचर. त्याला हुकूम देण्याची सर्वांत जुनी आणि अजूनही वापरात असलेली वाट म्हणजे सिरीयल पोर्ट.

यंत्राची रचना

मॉड्युलर स्विचर म्हणजे कार्डे बसवण्याची एक चौकट. तीत इनपुट कार्डे, आउटपुट कार्डे, दोहोंना जोडणारी स्विचिंग पाटी, नियंत्रण कार्ड, वीजपुरवठा आणि पंखे असतात. एक्स्ट्रॉन कंपनीचे एक्सटीपी क्रॉसपॉइंट ३२०० हे याचे परिचित उदाहरण. त्याची क्षमता ३२ इनपुट व ३२ आउटपुट, म्हणजे १,०२४ संभाव्य जोड, एवढी आहे. प्रत्येक कार्ड चार वाहिन्यांचे असते. त्यामुळे गरजेनुसार एचडीएमआय, एसडीआय किंवा दूर अंतरासाठी ट्विस्टेड पेअर व फायबर यांची कार्डे एकाच चौकटीत बसवता येतात.

वाहिन्यांचे क्रमांक स्लॉटच्या जागेवरून ठरतात. तिसऱ्या इनपुट स्लॉटमधील पहिली वाहिनी नेहमी नववी. दुसरा स्लॉट रिकामा असला तरी ती पाचवी होत नाही. बाहेरून लिहिलेल्या आज्ञा याच क्रमांकांवर विसंबून असल्याने हा नियम महत्त्वाचा आहे. क्रमांक सरकले असते, तर एक कार्ड काढताच सगळ्या जुन्या आज्ञा चुकीच्या ठरल्या असत्या.

तारेवरचा व्यवहार

आरएस-२३२ या मानकात तीन तारा पुरतात: पाठवणारी, घेणारी आणि सामाईक भू-तार. उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे एक, अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट म्हणजे शून्य. बहुतेक स्विचरांचा वेग ९,६०० बॉड ठेवलेला असतो. आठ माहिती-बिट, पॅरिटी नाही आणि एक स्टॉप बिट ही त्याची नेहमीची मांडणी. प्रत्येक अक्षरामागे एक प्रारंभ-बिटही जात असल्याने अक्षरी दहा बिट होतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे.

मार्ग ठरवणाऱ्या आज्ञा

एक्स्ट्रॉनच्या आज्ञासंचात ‘१*३!’ याचा अर्थ पहिले इनपुट तिसऱ्या आउटपुटला चित्र-ध्वनीसह जोडावे असा आहे. यंत्राला देवनागरी अंक कळत नाहीत. प्रत्यक्षात इंग्रजी अंक व चिन्हे आस्की संकेतांनी, म्हणजे ४९, ४२, ५१ आणि ३३ या क्रमाने जातात. चारही अक्षरे पोहोचायला सुमारे ४.२ मिलिसेकंद लागतात. ५० हर्ट्झच्या चित्राचे एक फील्ड २० मिलिसेकंदांचे असते, म्हणजे एक फील्ड संपण्याच्या आतच पूर्ण हुकूम यंत्राच्या हाती पडू शकतो. ‘०*३!’ दिल्यास तिसऱ्या आउटपुटची जोडणी सुटते.

नेहमी लागणारी संपूर्ण मांडणी ‘प्रीसेट’ म्हणून साठवता येते. ‘२,’ ही आज्ञा चालू मांडणी दुसऱ्या क्रमांकावर साठवते, तर ‘२.’ ही साठवलेली मांडणी परत आणते. फरक केवळ स्वल्पविराम आणि पूर्णविराम यांचा. पूर्णविरामाऐवजी स्वल्पविराम गेला, तर जुनी मांडणी पुसली जाते आणि यंत्र कोणतीही तक्रार करत नाही. म्हणून साठवण्याची आज्ञा कार्यक्रम चालवणाऱ्याच्या रोजच्या पटलावर ठेवूच नये.

कार्डाचा स्वभाव ठरवणाऱ्या आज्ञा

विषयाचा खरा गाभा येथे आहे. मार्ग जोडला म्हणजे चित्र दिसेलच असे नाही. स्रोताशी आणि पडद्याशी कार्डाने कोणत्या अटींवर बोलायचे हे वेगळे ठरवावे लागते. अशा बहुतेक आज्ञा एस्केप या संकेताने, म्हणजे २७ ने, सुरू होतात आणि कॅरेज रिटर्नने, म्हणजे १३ ने, संपतात.

पहिली अट ईडीआयडीची. पडदा आपली क्षमता स्रोताला १२८ बाइटांच्या मूळ तक्त्यातून कळवतो. स्विचर मध्ये आल्यावर हा तक्ता इनपुट कार्डाला द्यावा लागतो. एका पडद्याची क्षमता १९२० गुणिले १२०० आणि दुसऱ्याची १९२० गुणिले १०८० असेल, तर दोघांना पेलेल असा तक्ता त्या इनपुटला नेमून देतात.

दुसरी अट एचडीसीपी या प्रतिलिपी-संरक्षणाची, आणि गोंधळ सर्वाधिक येथेच होतो. ॲपलचे लॅपटॉप समोरचे उपकरण संरक्षण मानते असे दिसताच साध्या स्लाइडसुद्धा कूटबद्ध करून पाठवतात. पडद्यावर चित्र ठीक दिसते, पण संरक्षण न मानणाऱ्या मुद्रण यंत्राकडे हिरवा पडदा जातो. तंत्रज्ञ तार बदलतो, मार्ग पुन्हा जोडतो, तरी काही हलत नाही. त्या एका इनपुटची एचडीसीपी मान्यता बंद करणारी आज्ञा दिली की लॅपटॉप स्लाइड उघड्या पाठवू लागतो. खरोखर संरक्षित चित्रपट मात्र तेव्हाही दिसत नाही, आणि ते योग्यच आहे.

प्रतिसाद

प्रत्येक आज्ञेनंतर यंत्र उत्तर देते. ‘१*३!’ नंतर ‘आउट३ इन१ ऑल’ असे रोमन लिपीत येते. चूक असल्यास ‘ई’ अक्षरासह क्रमांक येतो: ०१ म्हणजे अमान्य इनपुट, १० म्हणजे न समजलेली आज्ञा, १२ म्हणजे अमान्य आउटपुट. अशा साध्या आस्की आज्ञांना चेकसम नसते, त्यामुळे तारेवरच्या विद्युत गोंगाटाने अक्षर बिघडले का हे कळण्याची हीच खूण. प्रसारण क्षेत्रातील एसडब्ल्यू-पी-०८ या प्रोटोकॉलमध्ये संदेशाची लांबी आणि चेकसम दोन्ही असतात. तो अधिक भरवशाचा आहे, पण माणसाला टंकून वापरता येण्याजोगा नाही.

मर्यादा

आरएस-२३२ ची तार साधारण १५ मीटरपर्यंतच भरवशाची. मंचापासून नियंत्रण कक्षापर्यंत त्याहून अधिक अंतर असल्यास आरएस-४२२ वापरतात, जे कमी वेगात १,२०० मीटरपर्यंत चालते. अनेक स्विचर त्याच आज्ञा इथरनेटवरून टेलनेटनेही स्वीकारतात. तेथे परवलीचा शब्द आवश्यक ठरतो.

नागपूरच्या मे महिन्यात तापमान ४५ अंशांपुढे जाते, आणि अशा उपकरणांची कार्यमर्यादा सहसा ४० अंशांची असते. उपकरणांच्या खोलीत पाण्याचा कूलर लावणे हा त्यावर उपाय नव्हे, कारण दमट हवेने कनेक्टर गंजतात. तेथे वातानुकूलनच हवे. अंतर्गत तापमान व वीजपुरवठ्याची स्थिती विचारणारी आज्ञा अनेक यंत्रांत असते. ती नियंत्रण संगणकाकडून ठराविक वेळाने पाठवली, तर चित्र जाण्याआधीच पंखा बंद पडल्याचे कळते.

कार्ड बदलताना

काही यंत्रांत मांडणी नियंत्रण कार्डात राहते, काहींत ती वाहिनीच्या कार्डातच असते. दुसऱ्या प्रकारात नवे कार्ड कारखान्यातील मूळ मांडणीसह सुरू होते: मार्ग जसाच्या तसा, पण ईडीआयडी आणि एचडीसीपी बदललेले. म्हणून जुने कार्ड काढण्यापूर्वी त्याच्या प्रत्येक वाहिनीची मांडणी प्रश्नार्थक आज्ञांनी वाचून फाइलमध्ये जतन करतात. नवे कार्ड बसल्यावर आधी फर्मवेअरची आवृत्ती विचारतात, मग त्याच मांडणीच्या आज्ञा एकेक करून, प्रत्येकीचे उत्तर आल्यावरच पुढची, अशा पाठवतात.