सोसायटीचे दप्तर संगणकावर आल्यानंतर

व्याख्यानमालेत इतिहास, वाङ्मय, आरोग्य असे विषय ऐकण्याची आपणा सर्वांस सवय आहे. हिशेबाच्या यंत्रणेवर बोलावयाचे म्हटले की श्रोता थोडा मागे सरकून बसतो. तथापि गेवराई तालुक्यातील उमापूर घ्या की आसपासचे कोणतेही खेडे घ्या, पीककर्ज उचलताना आणि फेडताना शेतकऱ्याची गाठ ज्या संस्थेशी पडते, ती विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटी आता या यंत्रणेखाली येत आहे. तेव्हा हा विषय केवळ शहरातील कंपन्यांचा राहिलेला नाही. आपल्या नावापुढे किती रुपये दिसणार आणि ते खरे असणार की नाही, असा तो प्रश्न आहे.

या यंत्रणेला ई.आर.पी. म्हणतात. उद्योगाच्या साऱ्या साधनांचे एकत्र नियोजन, असा तिचा मराठीत अर्थ करता येईल. हे नाव १९९० च्या सुमारास अमेरिकेत रूढ झाले. कारखान्यात कोणता सुटा भाग केव्हा आणि किती लागेल, याचे गणित संगणकाकडून करून घेण्याची खटपट त्यापूर्वी दोन-तीन दशके चालू होती. तिच्यातूनच ही कल्पना वाढली.

तिचे मर्म एका उदाहरणाने ध्यानात येईल. समजा, एका सभासदाने सोसायटीतून खताची दोन पोती उधारीवर नेली. जुन्या पद्धतीत सचिवाने पावती फाडायची, साठ्याच्या रजिस्टरात दोन पोती वजा करायची, रोजकीर्दीत नोंद करायची, सभासदाच्या खतावणीत रक्कम नावे टाकायची आणि महिनाअखेर तेरीज जुळवायची. एकच व्यवहार चार-पाच ठिकाणी लिहायचा, म्हणजे चुकण्याच्याही तितक्याच जागा. नव्या यंत्रणेत तो एकदाच लिहिला जातो. साठा, बिल, खतावणी, कीर्द आणि ताळेबंद ही सारी पत्रके त्या एका नोंदीवरून आपोआप तयार होतात. सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु तीच एक नोंद चुकली तर ती चूकही तितक्याच चपळाईने सगळीकडे पोहोचते, हे ती सोय सांगणारे सहसा सांगत नाहीत.

प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी मंजुरी दिली. त्या वेळी देशातील ६३,००० संस्था आणि २,५१६ कोटी रुपये असा आराखडा होता. पुढे तो ६७,९३० संस्था व सुमारे २,९२५ कोटी रुपये इतका वाढला. राबविण्याचे काम नाबार्डकडे आहे. संस्था, जिल्हा बँक, राज्य बँक व नाबार्ड ही साखळी एका समान हिशेबपद्धतीने जोडावी, असा हेतू आहे. २४ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यांपैकी १८,००० संस्थांच्या संगणकीकरणाचे उद्घाटन झाले. ही मागणी तशी जुनी आहे. ग्रामीण सहकारी पतपुरवठ्याचा विचार करणाऱ्या वैद्यनाथन समितीने २००५ सालीच समान हिशेबपद्धती आणि संगणक यांची शिफारस केली होती.

संगणक, छपाईयंत्र आणि सॉफ्टवेअर यांसाठी योजनेतून पैसा येतो. त्यापासून संस्थेला टिकाऊ फायदा व्हावा यासाठी जे करावे लागते, ते मात्र केवळ योजनेच्या पैशाने होत नाही. आमच्या मते त्यातील पहिले आणि सर्वांत कठीण काम म्हणजे सुरुवातीच्या शिलका. जुन्या वह्यांतून प्रत्येक सभासदाचे मुद्दल, व्याज, थकबाकी, भाग आणि ठेव नव्या यंत्रणेत चढवावी लागते. वही वीस वर्षांची, अक्षर तीन सचिवांचे, एकाच नावाचे दोन सभासद, एक सभासद मयत आणि जमिनीवर मुलांची नावे लागलेली, अशी स्थिती असते. हे सारे घाईने चढवले की यंत्र त्यावर पुढे अचूक व्याज काढत राहते. चुकीच्या मुद्दलावर अचूक व्याज! म्हणून शिलका चढविल्यावर त्यांची यादी छापून संस्थेच्या दारावर लावावी, सभासदांस हरकतीसाठी पंधरा दिवस द्यावेत आणि मगच त्या कायम कराव्यात.

यात काय पणास लागलेले असते, ते मराठवाड्यातील शेतकऱ्याला समजावून सांगावे लागू नये. महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकीत असलेली दोन लाखांपर्यंतची कर्जखाती घेतली गेली. बँकांनी पाठविलेल्या माहितीवरून याद्या झाल्या आणि आधारद्वारे ओळख व रक्कम पटवून शेतकऱ्याने मान्यता द्यावयाची होती. म्हणजे खात्यावरील नाव, आधार क्रमांक व रक्कम या तीन नोंदींवर दोन लाख रुपयांचा प्रश्न अवलंबून होता. नियमित फेडणाऱ्याचेही तसेच. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेखाली तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडल्यास व्याज शून्यावर येते. येथे सगळा भार परतफेडीच्या तारखेवर असतो. सभासदाने पैसे मुदतीत भरले आणि पावती मुदतीनंतर चढली, तर यंत्राच्या लेखी तो थकबाकीदार!

परदेशांतील दोन दाखले येथे उपयोगी पडतील. १९९९ साली अमेरिकेतील हर्शी या चॉकलेटच्या कंपनीने मोठा खर्च करून नवी यंत्रणा ऐन सणाच्या हंगामात सुरू केली. माल तयार असूनही सुमारे दहा कोटी डॉलरांच्या मागण्या तिला वेळेवर पुरवता आल्या नाहीत. आमच्याकडे पीककर्जवाटपाच्या ऐन मे-जूनमध्ये जुने दप्तर बंद करून नवे उघडण्याचा आग्रह कोणी धरला, तर हा दाखला त्यांस अवश्य ऐकवावा.

दुसरा दाखला अधिक गंभीर आहे. ब्रिटनच्या टपाल खात्याने १९९९ पासून होरायझन नावाची हिशेबयंत्रणा गावोगावच्या टपालकचेऱ्यांत बसविली. यंत्र रोकड कमी दाखवू लागले, तेव्हा खात्याने यंत्रावर विश्वास ठेवला, माणसांवर नाही. सुमारे पंधरा वर्षांत ९०० हून अधिक लोक अफरातफरीच्या व तत्सम आरोपांखाली दोषी ठरले. पुढे दोष यंत्रणेतही होते हे न्यायालयात सिद्ध झाले आणि २०२४ साली पार्लमेंटला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. संगणकाचा आकडा हा पुरावा खरा, पण तोही तपासून घेण्याचा पुरावा आहे. त्याविरुद्ध तक्रार करण्याची वाट उघडी ठेवणे हा यंत्रणेचाच भाग मानला पाहिजे.

आता वह्यांविषयी. पहिले काही महिने कागद आणि संगणक दोन्ही चालवावेत, हे योग्यच. परंतु अनेक ठिकाणी असे होते की वही खरी समजली जाते आणि संगणकात महिन्याच्या शेवटी एकदम नोंदी भरल्या जातात. मग यंत्रणा ही केवळ वरिष्ठांना दाखवायची वस्तू होते आणि सचिवाचे काम हलके होण्याऐवजी दुप्पट होते. रोजचा व्यवहार रोज चढवून संध्याकाळी दिवसअखेर करणे, रोकड मोजून ती पडद्यावरील आकड्याशी जुळविणे, आणि तीन महिने ओळीने जुळले की पंच कमिटीच्या ठरावाने जुनी कीर्द बंद करणे, एवढी शिस्त हवी. दोन खऱ्या वह्या असलेल्या संस्थेत एकही वही खरी नसते.

ही शिस्त पाळणार कोण? महाराष्ट्रात अनेक ठिकाणी एकाच गटसचिवाकडे दोन-तीन किंवा अधिक सोसायट्या असतात. तो आज या गावी, उद्या त्या गावी. त्याला दोन दिवसांचे शिक्षण देऊन सोडले आणि वीज नसेल त्या दिवशी काय करावे हेही सांगितले नाही, तर दोष त्याचा म्हणता येणार नाही. त्याच्या जोडीला गावातील वाणिज्य शिकलेला एखादा मुलगा किंवा मुलगी तयार करावी. मात्र दोघांचे संकेतशब्द वेगळे असावेत. सचिवाचा संकेतशब्द चेअरमनच्या मुलाला, शिपायाला आणि खतविक्रीवरील नोकराला ठाऊक असेल, तर चूक कोणी केली हे यंत्र कधीच सांगू शकणार नाही.

इतके झाल्यावर मग खरा लाभ दिसू लागतो. आमच्या सहकारात 'अनिष्ट तफावत' असा एक शब्दप्रयोग आहे. समजा, सोसायटीकडून बँकेला एक कोटी येणे आहे आणि सभासदांकडून सोसायटीला ऐंशी लाखच येणे आहे. मधले वीस लाख ही अनिष्ट तफावत. वसुलीतूनच संस्थेचा खर्च भागविणे, वसूल रक्कम बँकेने आधी व्याजात आणि संस्थेने मुद्दलात धरणे, अशा कारणांनी ती वर्षानुवर्षे वाढते आणि हिशेबतपासणीच्या वेळी एकदम डोळ्यांपुढे येते. तोवर पंचही बदललेले असतात. दोन्ही बाजू एकाच यंत्रणेत आल्या की ही तफावत दर महिन्याला पाहता येते. पंच कमिटीच्या मासिक सभेत पहिला विषय हाच ठेवला, तर यंत्रणेवर झालेला सारा खर्च या एका पत्रकातून भरून निघेल, असे आम्हांस वाटते. कोणत्या शिवारात थकबाकी वाढते आहे, खताचा कोणता माल पडून राहतो, हेही मग विचारता येईल. २०२३ च्या आदर्श उपविधींनी सोसायट्यांना गोदाम, सेवा केंद्र, औषध दुकान अशा पंचवीसहून अधिक कामांची दारे उघडली आहेत. त्यांपैकी कोणते आपल्याला झेपेल, हे अशा आकड्यांवरूनच ठरवता येते.

१९५१-५२ सालच्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्याच्या कर्जात सहकाराचा वाटा शेकडा ३ च्या आसपास भरला होता आणि सावकारांचा जवळजवळ ७०. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील त्या समितीत धनंजयराव गाडगीळही होते. सावकाराची वही ऋणकोला कधी बघायला मिळत नसे. सोसायटीची वही सभासदाची असते, तरी प्रत्यक्षात तीही किती जणांनी पाहिली आहे? सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावयाची असते. त्या सभेला जाताना प्रत्येकाने आठ दिवस आधी संस्थेतून आपल्या खात्याचा छापील उतारा मागून घ्यावा, घरच्या पावत्यांशी ताडून पाहावा आणि फरक असेल तर तेथेच लेखी द्यावा. उतारा मिळण्यास दोन मिनिटांहून अधिक वेळ लागला, तर का लागला, हेही सभेत विचारावे.