डोळे तपासायला जाताना चष्मा सोबत न्या

'डोळेच तपासायचे, मग चष्मा कशाला?' असे म्हणून अनेक जण चष्मा घरीच ठेवून शिबिराला येतात. असे करू नका.

तक्ता साधारण ६ मीटरवरून, एकेक डोळा झाकून वाचायचा असतो. आधी चष्म्याशिवाय, मग चष्म्यासह. चष्मा लावूनही अंधुक दिसले तर नंबर बदलला की मोतीबिंदू, मधुमेहासारखे दुसरे कारण आहे, याचा शोध घेता येतो. चाळिशीनंतरचा वाचायचा चष्माही न्या. मात्र तो लावून दूरचा तक्ता वाचू नका.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत पहाटे मोहफुले वेचायला, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जंगलात जावे लागते. झुडपाआडचा वाघ किंवा अस्वल वेळीच दिसले नाही, तर जीव धोक्यात येतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल, तेव्हा लेकराच्या दप्तरात चष्मा असू द्या. योग्य चष्मा वापरल्याने नंबर वाढत नाही. मुलगी 'चष्मेवाली' म्हणून लाजत असेल, तर तिला घरातली बाबासाहेबांची तसबीर दाखवा. त्यांच्याही डोळ्यांवर चष्मा आहे.