जुन्या छपराचे लाकूड : तपासणी आधी, सौदा नंतर

कोकणातील कित्येक जुन्या मशिदींवर कौलांचे छप्पर असून त्याखाली सागवानी तुळया व वासे आहेत. गळती लागली की ठेकेदार येतो, खालूनच मान वर करून "सगळे लाकूड गेले" म्हणतो आणि मुतवल्ली घाबरून होकार देतात. वरची घडी पाहून आम्ही कापडाचा तागा घेत नाही. मग छपराचा निकाल खालून का लावावा?

तुळई बहुधा मधोमध सडत नाही. तिचे भिंतीत शिरलेले टोक आणि पन्हळीखालचे लाकूड आधी बिघडते, कारण ओल तेथे साचते. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकला की बुरशी धरते. वाळवीलाही ओल मानवते. म्हणून शिडी लावून प्रत्येक टोक हातोडीने ठोकावे. आवाज पोकळ आला तर दाभण टोचून पाहावे. वाकलेली तुळई, सुटलेले सांधे यांची नोंद करावी. धोका दिसताच टेकू देऊन खालची जागा बंद करावी व जाणकार इंजिनिअरचा लेखी अहवाल घ्यावा.

नुसते टोक सडले असेल, तर अनेकदा तेवढेच कापून नवे सागवान जोडता येते. गळती मात्र आधी थांबवावी.

जुन्या सागवानाला बाजारात चांगला भाव आहे. तेव्हा लाकूड निकामी ठरवणारा आणि ते विकत घेणारा एकच इसम नसावा. वक्फचा माल अमानत आहे.