मेनफ्रेम थांबवण्याची रीत

आयबीएमच्या मेनफ्रेमवरील झेड/ओएस या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये चालू प्रोग्राम बंद करण्यासाठी कन्सोलवर प्रामुख्याने तीन कमांड असतात: स्टॉप, कॅन्सल आणि फोर्स. १९६४ साली जाहीर झालेल्या ओएस/३६० पासून या सिस्टीमचे घराणे चालत आले. महाराष्ट्रातही त्याची सावली पडली होती. मुंबईच्या आयआयटीत बसवलेले सोव्हिएत ईसी-१०३० यंत्र आयबीएम ३६० च्याच धर्तीवर बांधलेले होते.

स्टॉप ही विनंती आहे. ऑपरेटर ‘पी’ आणि टास्कचे नाव टाइप करतो. सिस्टीम त्या कमांडची माहिती सीआयबी नावाच्या लहानशा ब्लॉकमध्ये भरते आणि ईसीबी हा चार बाइटचा शब्द ‘पोस्ट’ करते, म्हणजे कमांड आल्याची खूण त्यात ठेवते. यापुढे सिस्टीम काही करत नाही. प्रोग्रामने आधीच एक्स्ट्रॅक्ट मॅक्रोने या दोन्हींचा पत्ता घेतलेला असावा लागतो. ईसीबीवर लक्ष ठेवायचे, सीआयबी वाचायचा, क्यूएडिट मॅक्रोने तो मोकळा करायचा आणि मग हातातले काम पुरे करून फायली बंद करायच्या, हे सगळे प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या माथी. सीआयबी मोकळा केलाच नाही, तर पुढची कमांड ‘टास्क बिझी’ म्हणून परत येते. कित्येक प्रोग्राम टायमरची वाट पाहतात आणि ईसीबीकडे ढुंकून बघत नाहीत. दोष तिथे असतो. शिव्या मात्र ऑपरेटर खातो.

कॅन्सलमध्ये विचारणा नसते. प्रोग्राम २२२ या कोडने कोसळतो, डंप, म्हणजे मेमरीची प्रत, मागितला असेल तर १२२ ने. आवराआवरीसाठी लिहिलेल्या ईस्टे रूटीनलाही, ती नोंदवताना ‘टर्म=येस’ म्हटले असेल तरच संधी मिळते; पुन्हा काम सुरू करण्याची मुभा तिला नसते. फोर्स तर प्रोग्रामला दिलेली मेमरीची सबंध जागा, म्हणजे ॲड्रेस स्पेसच मोडून काढते. कधी कधी त्यानंतर सिस्टीम नव्याने चढवावी लागते, म्हणून ती अगदी शेवटी वापरायची.

सबंध सिस्टीम उतरवताना क्रम महत्त्वाचा. बीड जिल्ह्यात तेलगावच्या साखर कारखान्यासारख्या ठिकाणी हंगाम संपताना गव्हाणीत ऊस पडणे आधी थांबते. गाळलेल्या रसाची साखर झाल्याशिवाय बॉयलर विझवत नाहीत. इथेही नव्या कामाची आवक आधी रोखतात. व्यवहार हाताळणारी सीआयसीएस नवे व्यवहार नाकारून चालू व्यवहार संपवते. डीबी२ या डेटाबेसला ‘क्वायेस’ पद्धतीने थांबवले, तर तोही चालू काम पुरे होऊ देते. मग नेटवर्क सांभाळणारे व्हीटॅम, आणि चालू जॉब संपल्यावर जॉब हाताळणारे जेईएस२. युनिक्स बाजूच्या प्रक्रियांची भाषा निराळी: त्यांना आधी सिगटर्म हा विनंतीचा संकेत, न ऐकल्यास सिगकिल हा सक्तीचा.

सगळे उतरल्यावर ऑपरेटर ‘झेड ईओडी’ देतो. वापराची नोंद ठेवणाऱ्या एसएमएफच्या आणि यंत्रातील बिघाडांच्या उरलेल्या नोंदी डिस्कवर जातात. ‘हॉल्ट ईओडी सक्सेसफुल’ हा संदेश आल्यावरच यंत्र बंद करतात.