कर्करोगपूर्व चट्टा म्हणजे कर्करोग नव्हे

डॉक्टरांच्या कागदावर ‘कर्करोगपूर्व’ हा शब्द दिसला की अर्धे घर हादरते. ॲक्टिनिक केराटोसिस (वर्षानुवर्षांच्या उन्हाने त्वचेवर उमटणारा खरखरीत चट्टा) हा कर्करोग नाही. बहुतेक चट्टे तसेच राहतात, काही आपोआप जातातही. थोड्यांचा मात्र पुढे कर्करोग होतो, आणि ते नेमके कोणते हे आधी सांगता येत नाही. उपचार करायचे ते म्हणून.

टक्कल, कपाळ, कानाची कड, हाताच्या पंजाची मागची बाजू या जागी तो डोळ्यांआधी बोटांना कळतो. ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्या लोकांत तो सर्रास आढळतो, आपल्या सावळ्या त्वचेत क्वचित. जन्मतः रंगद्रव्य नसलेल्यांना मात्र आपल्याकडेही धोका मोठा. त्यांनी तरुणपणापासूनच नियमित तपासणी करावी.

एखाददुसरा चट्टा द्रवरूप नायट्रोजनने गोठवतात. पण लोखंडी गेटवर रंगाचा एक फुगा दिसतो, तेव्हा आजूबाजूच्या रंगाखालीही गंज चढलेला असतो, तसेच इथे: चट्ट्याभोवतीची वरून चांगली दिसणारी त्वचाही उन्हाने बिघडलेली असते. चट्टे पुष्कळ असतील तर त्या सगळ्या भागावर फ्लुरोयुरॅसिल (बिघडलेल्या पेशी मारणारे औषध) मलम साधारण २ ते ४ आठवडे लावतात. घोटाळा होतो तो इथे. कातडी लालभडक होते, खपल्या धरतात, आणि ॲलर्जी समजून लोक मलम टाकून देतात. दिसायला भयंकर खरे, पण एवढी प्रतिक्रिया अपेक्षितच असते. फारच त्रास झाला तर डॉक्टरांना विचारूनच थांबावे.

चट्टा जाड झाला, दुखू लागला किंवा त्यातून रक्त आले, तर मात्र बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) लांबवू नये.