न उघडणारी सूची : एका वेबपृष्ठावरील दोन दोष

प्रस्तुत टिपणाचा विषय प्रथमदर्शनी आपल्या शास्त्राच्या कक्षेबाहेरचा वाटेल. परंतु त्याचा शोध अखेरीस एका मराठी अक्षरापाशी येऊन थांबतो, म्हणून तो येथे मांडण्यास हरकत नसावी.

माळशिरस तालुक्यातील नातेपुते हे ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या मुक्कामाचे गाव. तेथे व आसपासच्या वाड्यावस्त्यांवर आमच्या विद्यार्थ्यांनी जमविलेले शब्द एका वेबपृष्ठावर मांडले होते. शिरोभागी ‘शेतकऱ्यांचे शब्द’, ‘वारकऱ्यांचे शब्द’, ‘आठवडी बाजार’ व ‘नातेसंबंध’ अशी चार नावांची सूची, म्हणजे रूढ भाषेत मेनू, होती. पृष्ठ प्रसिद्ध झाल्यावर एका वृद्ध निवेदकांच्या नातवाचा दूरध्वनी आला : “सर, नावं दिसत्यात, पण दाबलं तर काहीच हुईना. आजा म्हणतोय, आमचं शब्द कुठं गेलं?” ज्यांच्या तोंडून शब्द घेतले त्यांनाच ते परत दाखविता येऊ नयेत, ही गोष्ट मनास लागली.

अशा वेळी पहिला प्रश्न हा की, दुवाच सदोष आहे, की क्लिक दुव्यापर्यंत पोचतच नाही? याची कसोटी सोपी आहे. माउस बाजूस ठेवून टॅबची कळ दाबत जावे. सूचीतील नावाभोवती चौकट उमटली की एंटर दाबावे. पान हलले तर दुवा शाबूत आहे आणि त्याच्यावर दुसरे काही पसरलेले आहे, असे अनुमान निघते. आमच्या पृष्ठावर ‘आठवडी बाजार’ या रीतीने तत्काळ उघडला. मग माउसच्या उजव्या कळीने त्याच नावावर ‘इन्स्पेक्ट’ हा पर्याय निवडला, तेव्हा ब्राउझरने सूचीऐवजी वरच्या शीर्षकाची चौकट दाखविली.

कारण असे. उकार व वेलांट्या कापल्या जाऊ नयेत म्हणून आम्हीच शीर्षकाच्या ओळीची उंची वाढविली होती. शीर्षक छायाचित्रावर बसविण्यासाठी त्याची ‘पोझिशन’ ‘ॲब्सोल्यूट’ केलेली होती. अशी चौकट इतर मजकुराच्या प्रवाहातून सुटते व साध्या घटकांच्या वर येते. तिचा रिकामा खालचा भाग सूचीवर पसरला होता. डोळ्यांस तेथे काहीच दिसत नव्हते, परंतु क्लिक तोच भाग गिळीत होता. पूर्ण पारदर्शक केलेला घटकही याच प्रकारे क्लिक अडवितो. पाणिनीच्या व्याकरणात प्रत्ययाचा लोप झाला तरी त्याचे कार्य होत राहते, हे ज्यांनी शिकविले आहे त्यांस याचे नवल वाटू नये.

सूचीस मोठा ‘झेड-इंडेक्स’ दिला की काम भागते, असा नवशिक्यांचा समज असतो. साध्या प्रवाहातील घटकावर त्या अंकाचा परिणामच होत नाही. आधी ‘पोझिशन’ ‘रिलेटिव्ह’ करावी लागते. शिवाय घटक एखाद्या निराळ्या थरसमूहात कोंडलेला असेल तर ९९९९ हा अंकही त्यास बाहेर काढू शकत नाही. आम्ही सूचीस ‘रिलेटिव्ह’ करून १ हा अंक दिला, तेवढे पुरले.

तथापि आनंद अल्पकाळ टिकला. आता ‘आठवडी बाजार’ व ‘नातेसंबंध’ उघडत. ‘शेतकऱ्यांचे’ व ‘वारकऱ्यांचे’ मात्र निश्चल. ही वाटणी पाहताच संशय ‘ऱ्य’वर गेला, आणि तो खरा ठरला.

मराठीत ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांत अर्थभेद आहे, म्हणून रफाराहून निराळा असा आडवा अर्धा र आपणांस लागतो. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो. एक, ०९३१ क्रमांकाचा ‘ऱ’ व हलन्त. हा ‘ऱ’ एरवी द्राविडी भाषांतील वर्त्स्य ध्वनीच्या लिप्यंतरासाठी आहे. दुसरा, ०९३० क्रमांकाचा साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे ‘झीरो विड्थ जॉइनर’ हे शून्य रुंदीचे अदृश्य चिन्ह. ही रीत युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगतता राहावी म्हणून मान्य आहे. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच उमटतात. परंतु दुवा ज्या खुणेकडे नेतो ती खूण ब्राउझर अक्षरसंकेत जुळवून शोधतो; रूप पाहून नव्हे. सूचीतील दुवे विभागात एका कळफलकावर टंकित झाले होते. प्रकरणांच्या खुणा विद्यार्थ्यांनी मोबाइलवर दुसऱ्या कळफलकाने घातल्या होत्या.

येथे दोन चुकीचे उपाय सुचतात. युनिकोडचे प्रमाणीकरण या दोन रूपांना एक करीत नाही. आणि अदृश्य चिन्ह नुसते पुसून टाकले तर रफार अवतरतो व डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या होतो. आम्ही ‘र, हलन्त, जॉइनर’ हा संपूर्ण क्रम शोधून त्याच्या जागी ‘ऱ, हलन्त’ घातले, आणि दुव्यांच्या खुणा केवळ रोमन अक्षरांत ठेवल्या. शीर्षके अर्थातच मराठीत राहिली.

मेनू त्याच दिवशी सुरू झाला. मात्र हाच दोष शब्दसंग्रहातही शिरलेला आढळला : ‘वाऱ्या’, ‘दोऱ्या’, ‘सुऱ्या’ हे शब्द यादीत दोन-दोनदा, निरनिराळ्या वारंवारतेसह नोंदले गेले होते. त्या आकड्यांवर आधारलेली एका विद्यार्थ्याच्या प्रबंधातील दोन कोष्टके सध्या पुन्हा मोजली जात आहेत.